कणीक, केंडांग आणि कमलाआजीचं घंगाळ

१७ ऑक्टोबर, गुरुवार
तोंड. माझं हे तोंड. दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

आज भजन ऐन रंगात असताना मी काशिनाथभाऊंना सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, पळवू नका ना. कमलाआजी मांगं राह्यली." खरं तेच बोलले. पण वीस वर्षं आमच्या महिला मंडळाला मृदंगाची साथ करणाऱ्या माणसाला झांज वाजवणाऱ्या बाईने शिकवायचं? का.भाऊंनी थाप अर्ध्यात सोडली, मृदंग गवसणीत घातला. "आता तुमीच वाजवा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. उरलेला अभंग आम्ही बारा बायकांनी मृदंगाशिवाय म्हटला. बिनमिठाचं वरण.

घरी येताना पेटीवाली शोभा म्हणाली, "सुमनबाई, जानेवारीत जिल्ह्याची भजनस्पर्धा हाये. मृदंग काय आता तू तोंडानं वाजवशीन?"

झांज पदरात गुंडाळून मी पुढे चालू लागले. 

२१ ऑक्टोबर
अंगणवाडी सुटल्यावर का.भाऊंच्या घरी गेले. माफी मागायची ठरवून. चहा झाला, सोयाबीनचं झालं, माफीपाशी आले तर तेच म्हणाले, "मले इंझोरीच्या मंडळानं बलावलं. तिकडं जाऊन राह्यलो." म्हणजे स्पर्धेत समोर तेच.

परत येताना हात नुसता शिवशिवत होता. दर गुरुवारी भजनाआधी मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. त्याशिवाय घुमत नाही. ती कणीक वीस वर्षं मी मळली. सैल नको, घट्ट नको. लावायचे मात्र तेच. एकदा मी लावायला हात पुढे केला तर म्हणाले होते, "राहू द्या. तुमचं काम मळायचं." तेव्हा हसले होते मी. कशाला हसले कोण जाणे.

२८ ऑक्टोबर
मुग्धा आली! वर्षाने लेक घरात. जाव्यात सोलो नावाच्या गावात शिष्यवृत्तीवर तिकडचं ढोलवादन शिकत होती. (ह्यांचं सोयरेधायऱ्यांना ठरलेलं उत्तर: "पोरगी ढोल शिकायला इमानानं गेली.") दिवाळीनंतर पुण्याला शाळेत संगीत शिकवायची नोकरी.

सोबत एक वाद्य. केंडांग. आडवं, पिंपासारखं, फणसाच्या लाकडाचं, दोन्ही तोंडांना चामडं, एक मोठं एक लहान. हाताने वाजवायचं. ह्यांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "हा तं आपलाच मृदंग. थोडा जेवून आला."

३ नोव्हेंबर
मु. वाजवते ते ऐकत बसले. तिकडे म्हणे वीस-पंचवीस जण बसतात, सगळी पितळेची, काशाची वाद्यं. मोठमोठ्या घंटा, लहान घंटा, पट्ट्या. केंडांगवाला मध्ये. आवाज त्याचा सगळ्यांत कमी, पण हलायचं कधी, सावकाश व्हायचं कधी, थांबायचं कधी, सगळं त्याच्या हातात. तोंडाने कोणी काही बोलत नाही.

"मग तो पळवत नाही का?"
"आई, त्यानं पळवलं की बाकीचे मागं राहतात. मग तो कसला पुढारी."

का.भाऊ ऐकायला हवे होते. नको, बरं झालं नव्हते.

५ नोव्हेंबर
उद्या मु. जाते. केंडांग इथेच ठेवून. "पुण्याच्या खोलीत मी तरी मावीन नाहीतर तो तरी." तीन दिवसांत तिने मला चार थापा शिकवल्या. तक, धाह, तुंग, केत. त्याला बसवायची घोडी जाव्यातच राहिली, म्हणून दोन पाट आणि जुनी चादर.

मोठं तोंड उजव्या हाताला येतं. मृदंगाचं घुमणारं तोंड डावीकडे असतं, हे बरोबर उलटं. मु. म्हणते तिला नागपूरला मृदंग शिकतानाची सवय मोडायला सहा महिने लागले. मला काही उलटं वाटलंच नाही. सुलट कधी कोणी शिकवलंच नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा न शिकल्याचा फायदा झाला.

९ नोव्हेंबर
आज मी काय केलं ते लिहिते. पुसणार नाही.

केंडांग नीट घुमत नाही असं वाटलं. कणीक मळली. सैल नाही, घट्ट नाही. आणि आज थांबवायला कोणी नव्हतं. मोठ्या तोंडाच्या मधोमध पोळीएवढी छान थापली. वीस वर्षांची हौस. बोटांनी कड दाबली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग कौतुकाने मु.ला व्हिडिओ लावला.

किंचाळली. "आई! काय लावलंस? कणीक? काढ! आत्ता काढ! याला काही लावत नसतात!"

ओल्या फडक्याने पुसून काढली. चामडं ओलं, ढिलं. आवाज सुपासारखा. वाळेल म्हणते.

१२ नोव्हेंबर
वाळलं. पण कणकेचा वास राहिला असणार. उंदराने मोठं तोंड कुरतडलं. माझी मूठ जाईल एवढं भोक.

मु.ला सांगायची हिंमत नाही. ह्यांनी पिंजरा लावला. आता पिंजऱ्याला काय करू?

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं. मु.ला सगळं, उंदरासकट. मी म्हटलं, बाई, ओरड तरी. मग म्हणाली, "आमच्या गुरुजींकडे पण उंदीर होते. चामडं बदलतात आई. लाकूड राहतं." मी फोन ठेवून रडले. नंतर पोहे केले.

भजन मृदंगाशिवायच. सहा जणी आल्या.

१६ नोव्हेंबर
कारंजा. रज्जाकभाईंचं तबला-ढोलकी मढवायचं दुकान. केंडांग जीपमध्ये मांडीवर घेऊन गेले. शेजारची बाई म्हणाली, "लेकरू निजलं का व?" चादरीत गुंडाळलं होतं ना.

रज्जाकभाईंनी केंडांग उलटापालटा करून पाहिला. "बाई, याले शाई काहून नाही? ना इकडं ना तिकडं. उघडं तोंड!" तबल्यावर काळी शाई असते ती. मी म्हटलं, याला नसतेच. "असं कसं? बिना शाईचं वाद्य म्हंजे बिना कुकवाची..." आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली. काहीही म्हणा, माणूस कामाचा. बकऱ्याचं चामडं भिजत घातलं. मी मात्र दुकानातून हलले नाही. नजर चुकवून शाई लावली असती. लावणारच होते, वाटी काढून ठेवली होती! कणकेच्या माणसाला शाईचा माणूस लगेच ओळखू येतो.

मु. फोनवरून चामड्याची वादी कशी ओढायची ते दाखवत होती. ती इंग्रजी-मराठीत, ते हिंदी-वऱ्हाडीत. जमलं दोघांचं. पुढच्या शनिवारी न्यायचं.

२३ नोव्हेंबर
आणला. आवाज वेगळा झाला. मु. म्हणते जरा उंच, जरा कोरडा. "आता तो तिकडचा राहिला नाही गं."
मला तर आवडला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
केंडांग देवळात नेला. सगळ्या हसल्या. शोभा म्हणाली, "हे काय आणलं, पिंप?" कमलाआजीने तेवढा वाकून नमस्कार केला. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कोणतंही वाद्य असो, आधी पाया पडते. म्हणाली, "पाहुणा हाये. हासू नका."

वाजवला. फजिती. दहा झांजा एकदम कडाडल्या, त्यात माझी थाप बुडाली. मी हळू झाले तर अर्ध्या हळू, अर्ध्या पुढे. थांबताना तर एकेक जण आठवेल तशी थांबली. शेवटी शोभाची पेटी एकटीच.

"याच्यापरीस मी जऊळक्याचा ढोलकीवाला सांगतो," शोभा म्हणाली. "एका गाण्यापुरतं पाह्य सुमन. एकोणीस तारखेपर्यंत बारा जणी एका ठोक्यावर थांबल्या तं ठीक. नाईतं तो येईन, अन् तू आपली झांज घे."

तिचंही चुकत नाही. मंडळ माझ्यामुळे उघडं पडलं. पण झांज? आता? नाही जमणार मला.

३० नोव्हेंबर
मु.शी तासभर फोन. ती म्हणाली, चूक हातात नाही, वाटणीत आहे. तिकडे सगळे सगळं वाजवत नाहीत. कोणी प्रत्येक मात्रेला, कोणी चौथ्याला, कोणी आठव्याला. आणि सगळ्यांत मोठी घंटा पूर्ण फेरा संपला की एकदाच. मोजायचं तिच्यापासून नाही, तिच्याकडे. आपण समेवरून निघतो, ते समेवर पोचतात.

मला अर्धं कळलं. पण दहा झांजांचं ओझं मात्र लक्षात आलं.

५ डिसेंबर, गुरुवार
वाटण्या केल्या. चौघी प्रत्येक मात्रेला. चौघी चौथ्याला, हलक्या हाताने. एक जण आठव्याला. मधल्या मात्रांना झांजा वाजवायच्या नाहीत हे सांगितल्यावर बायकांचे चेहरे पाहण्यासारखे. एकीने विचारलं, "मंग मंधात काय करावं?" मी म्हटलं, थांबावं. "कायले?" खरंच, आपल्याला कोणी थांबायचं शिकवलंच नाही.

फेरा संपल्याचा मोठा ठोका कोण देणार? तशी घंटा आणणार कुठून? कमलाआजी उठली, घरी गेली, आणि तिच्या लग्नातलं पितळी घंगाळ घेऊन आली. नात आणि ती, दोघी मिळून. एका कडीने खांबाला टांगलं. कपडे धुवायच्या मोगरीला जुना स्वेटर गुंडाळला, आणि ठोका दिला.

देवळातले पारवे उडाले. किती वेळ घुमत होतं.

तो ठोका आजीलाच दिला. सोळा मात्रांत एकदा. शोभाने मला बाजूला घेतलं, "अव, ते तं नेहमी मांगं राह्यते." मी म्हटलं, म्हणूनच.

८ डिसेंबर
आजीला समजावायला तिच्या घरी गेले. मोजायचं घंगाळाकडे, घंगाळापासून नाही. मी बोटं मोजून सांगत होते. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हंजे पात व माय."

निंदायला बसलो की प्रत्येकीची एकेक पात असते, वाट्याला आलेली ओळ. धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, निंदत जायचं, धुऱ्याशी पोचलं की कंबर सरळ करायची. "पात सुरू व्हताना कोनी कंबर सरळ करते का? संपल्यावर करते. तसं ते घंगाळ."

एवढं सोपं. मु.ला एक वर्ष लागलं, मला एक महिना, आजीला अर्धी टोपली शेंगा.

मग ती पुढे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "अन् पुढची बाई शहाणी असली नं, तं धुरा जवळ आला का हात हळू करते. मांगच्या आपोआप भिडतात. बोलाची गरज नाही." आजी तीस वर्षं पुढची बाई होती, हे मला आज कळलं.

१२ डिसेंबर, गुरुवार
आज सगळ्यांना पातीचं सांगितलं. घंटा नाही, मात्रा नाही, जावा नाही. धुरा आला की हात हळू, एवढंच. बारापैकी दहा जणी एकत्र थांबल्या. उरलेल्या दोघी आपसात भांडल्या, तू आधी का मी आधी. चांगली खूण आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार
थांबलो.

बारा जणी. एका ठोक्यावर. मी शेवटच्या फेऱ्यात मोठ्या तोंडावरच्या थापा लांब लांब करत नेल्या, एक... एक... आणि आजीची मोगरी. मग काहीच नाही, फक्त घंगाळ घुमतंय आणि आम्ही एकमेकींकडे बघतोय. कोणीतरी हसलं. मग सगळ्याच. शोभा पेटीवर डोकं ठेवून हसत होती. "ढोलकीवाल्याले नाही म्हणून सांगतो बाप्पा," म्हणाली. "पुन्हा करू. पुन्हा थांबू."

सात वेळा थांबलो. गाणं कमी, थांबणंच जास्त. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत माझे.

२ जानेवारी, गुरुवार
तूर काढणी. तीन जणी शेतावर, नऊच आल्या. तरी नीट झालं. मोठ्या तोंडाच्या थापेने तळहात लाल. ह्यांनी न सांगता खोबरेल तेलाची बाटली पाटाजवळ आणून ठेवली. आता पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरी दोघी वाजवतात."

११ जानेवारी
उद्या कारंजा. अभंग ठरला, विलंबितातून द्रुत, मग पाच फेरे आणि शेवट. आठ मिनिटं. सातव्या मिनिटाला एक घंटी, आठव्याला दोन. दोनच्या पुढे गेलं की गुण कापतात.

भीती कसली ते आज स्वतःलाच कळलं. नंबराची नाही. माझ्या तोंडाने मंडळ मोडलं, ते माझ्याच हाताने जोडलं जातं का, त्याची. मु. येऊ शकत नाही, सोमवारी सकाळी शाळा आहे. "हात सैल ठेव," एवढं लिहून पाठवलं.

१२ जानेवारी, रविवार
घडलं तसं लिहिते, नाहीतर उद्या वाढवून सांगेन.

मंगल कार्यालय खचाखच. इंझोरीचं मंडळ आमच्या आधी. का.भाऊ मृदंगावर. खोटं कशाला बोलू, सुरेख वाजवला. पळवलाही, पण पळवण्यातही माणूस राजा. त्यांची कणीक तिथे दुसरीच कोणी मळत होती. घट्ट झाली होती. माझ्या लगेच कानात आलं.

मग आम्ही. घंगाळ टांगायला खांब नाही. इंझोरीच्याच दोघींनी बांबू धरला खांद्यावर. देव त्यांचं भलं करो. परीक्षक बाईंनी विचारलं, "हे वाद्य कोणतं?"

मी म्हटलं, "मृदंगाची मावसबहीण. लाकूड जाव्याचं, कातडं कारंज्याचं."

हसल्या. लिहून घेतलं.

सुरू झालं. हात थंडगार होते, दुसऱ्या ओळीला सुटले. झांजा वाटल्याप्रमाणे पडत होत्या, मधल्या मोकळ्या जागेतून शोभाचा आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. इतकी वर्षं आम्ही तिला बुडवत होतो! द्रुतात शिरलो, आणि पहिल्याच फेऱ्यात घंटी वाजली. एक नाही, दोन.

एवढ्यात? घंटीवाल्याने चुकून वाजवली की आम्ही विलंबितात रेंगाळलो, अजून माहीत नाही. शोभाने पेटीवरून माझ्याकडे पाहिलं, डोळे एवढे मोठे. नेमात पाच फेरे, आणि हातात जेमतेम एक. कोणाला सांगायला वेळ नाही, तोंडात अभंग. माझं तोंड, जे कधी गप्प बसत नाही, ते त्या क्षणी कामाचंच नव्हतं.

हात हळू केला.

एवढंच. मोठ्या तोंडावर एक थाप, मग जरा लांब दुसरी. पहिल्या चौघींना कळलं. त्यांच्या मागे दुसऱ्या चौघी. मी वर पाहिलंच नाही, पण अंगाला जाणवत होतं, एकेक पात भिडतेय. शेवटच्या ओळीला सगळ्या धुऱ्याशी. आजीची नजर माझ्या उजव्या हातावर. मी हात उचलला तेव्हा तिने मोगरी उचलली.

वाजलं.

ते घुमणं संपेपर्यंत कार्यालयात कोणी हललं नाही. बांबू धरलेल्या इंझोरीच्या दोघींनीही डोळे मिटले होते. आणि मग ज्या टाळ्या पडल्या! कमलाआजी मोगरी छातीशी धरून उभी. "भिडल्या का व सगळ्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, "भिडल्या आजी."

पहिला नंबर इंझोरी. दुसरा आम्ही. जीपमध्ये कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, पहिला यांचाच. घंगाळात चिवडा कालवून खाल्ला सगळ्यांनी.

१३ जानेवारी
मु.ला सगळं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनेच सांगितलं, मी दुरुस्त्या केल्या. मग ती म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये शाळेच्या कार्यक्रमाला मला केंडांग लागेल." लागणारच, तिचाच आहे तो. मी म्हटलं, ने की. फोन ठेवल्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले जरा वेळ.

१५ जानेवारी, बुधवार
काल संक्रांत. बायकांची ये-जा, लिहायला झालं नाही. आज दुपारी अंगणात सायकल थांबली. काशिनाथभाऊ. खांद्याला गवसणी.

तिळगूळ दिला. घेतला. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी चारचौघांत बोलायला नको होतं." म्हणाले, "चारचौघांत नको होतं." म्हणजे बोलायला हवं होतं, असं मी समजून घेतलं.

मग केंडांगाकडे पाहत बसले. हात लावला नाही. शेवटी म्हणाले, "दोन घंट्या झाल्या तवा मी म्हटलं, गेल्या ह्या. मी असतो तं तोडून टाकलं असतं. तुमी थांबवलं कसं?"

पहिल्या नंबराचा मृदंगवाला मला विचारतोय. माझ्या अंगणात. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

मी म्हटलं, "सांगतो. पहिले मृदंग काढा."

त्यांनी काढला. उतरला होता, घुमत नव्हता. मी आत जाऊन कणीक मळली. सैल नाही, घट्ट नाही. आणून त्यांच्यापुढे ठेवली, जशी वीस वर्षं ठेवत आले. त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मृदंग फिरवून डावं तोंड माझ्याकडे केलं.

"लावा," म्हणाले.

लावली. मधोमध, कड दाबून. त्यांनी थाप मारली. घुमला.

मग त्यांना पातीचं सांगितलं, धुऱ्याचं सांगितलं. मान हलवत ऐकलं. जाताना गवसणी दारातच राहिली, मृदंगासकट. विसरले म्हणावं तर वीस वर्षांत कधी विसरले नव्हते. मी हाक मारली, "भाऊ, मृदंग!" सायकलवरूनच म्हणाले, "उद्या गुरुवार हाये नं?"

तो वाजवायला ते येणार, की मी वाजवायचा म्हणून ठेवून गेले, ते काही बोलले नाहीत. शोभाला फोन केला, तिलाही कळेना. मी आपली परातीत कणीक झाकून ठेवली आहे.